दोन रक्तदानांमधील अंतर



ज्या शाळेत मी पाढे म्हटले आणि गणित चुकले म्हणून ओणवा उभा राहिलो, त्याच शाळेने मला गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी बोलवावे, हा मी माझा मोठा बहुमान समजतो. मी वक्ता नव्हे. माझे आयुष्य रक्तपेढीत, बाटल्या, पिशव्या आणि नोंदवह्या यांच्या सहवासात गेले. त्यामुळे अलंकारिक भाषणाची अपेक्षा आपण माझ्याकडून करू नये.

गुरुजी आम्हांला गणित शिकवीत. दरवर्षी सातवीच्या वर्गाला ते जयसिंहपुऱ्यातील वेधशाळेत नेत. प्राचीन ज्योतिषांनी आपली मध्यरेषा याच उज्जयिनीवरून कल्पिली, हे ते अभिमानाने सांगत आणि मग शंकुयंत्राची सावली आम्हांला मोजावयास लावीत. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांना खपत नसे. ‘आधी मोज, मग बोल,’ हे त्यांचे पालुपद होते. आजचा माझा विषय मोजण्याचाच आहे.

रक्तदान करून उठलेला माणूस चहा-बिस्किटे घेता घेता एक प्रश्न हमखास विचारतो : ‘डॉक्टरसाहेब, आता पुन्हा केव्हा देऊ?’ कित्येक वर्षे मी त्याला ‘तीन महिन्यांनी या’ असे ठरावीक उत्तर देत आलो. ते उत्तर नियमाला धरून होते; परंतु ते अपुरे होते. ते का अपुरे होते आणि पुरे उत्तर कोणते, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

नियम काय सांगतो?

आपल्या देशात आज लागू असलेला नियम असा. रक्तदात्याचे वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान असावे. पहिल्यांदाच रक्त देणाऱ्याचे वय ६० पेक्षा अधिक नसावे. वजन किमान ४५ किलो असेल तर ३५० मिलिलिटर रक्त घेता येते. ५५ किलोंपेक्षा अधिक असेल तर ४५० मिलिलिटर घेता येते. हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात किमान १२.५ ग्रॅम असले पाहिजे. आणि दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी ९० दिवसांचे, स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवले पाहिजे.

पूर्वी स्त्री-पुरुष दोघांनाही तीन महिन्यांचेच अंतर होते. २०१७ साली राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेने मार्गदर्शक सूचनांतून हा भेद केला आणि २०२० साली औषधविषयक नियमांतही तो आला. म्हणजे स्त्रियांसाठी तीस दिवसांची ही वाढ अगदी अलीकडची आहे. ती का करावी लागली, याचा उलगडा पुढे होईल.

अन्य देशांत हे आकडे निराळे आहेत. अमेरिकेत ५६ दिवसांनी रक्त देता येते. इंग्लंडमध्ये पुरुषांना १२ आठवडे व स्त्रियांना १६ आठवडे थांबावे लागते. जर्मनीत पुरुषांना वर्षातून सहा आणि स्त्रियांना चार वेळा रक्तदानाची मुभा आहे. माणसाचे शरीर सर्वत्र सारखेच, मग आकडे वेगळे का? कारण प्रत्येक देशाने आपली गरज, आपल्या लोकांचा आहार आणि आपली सावधगिरी यांचा मेळ घालून ही संख्या ठरविली आहे. आकडा म्हणजे एक कुंपण आहे. कुंपणाच्या आत यावयाचे नाही एवढेच तो सांगतो; प्रत्येकाने कुंपणाला खेटूनच उभे राहावे असे काही तो सांगत नाही.

काय जाते आणि केव्हा परत येते?

सुमारे ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात जवळजवळ पाच लिटर रक्त असते. त्यातून ३५० मिलिलिटर काढले तर सात टक्के गेले. ४५ किलोंच्या मुलीच्या अंगात मात्र रक्तच तीन लिटरच्या आसपास असते. तीच पिशवी तिच्या रक्ताचा बारा टक्के भाग घेऊन जाते. पिशवी एकच, पण देणाऱ्यावरचा भार सारखा नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

शिबिराच्या फलकांवर ‘चोवीस तासांत रक्त भरून येते’ असे वाक्य आपण वाचले असेल. ते खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. रक्तातला पातळ भाग, ज्याला आपण रक्तद्रव किंवा प्लाझ्मा म्हणतो, तो एक-दोन दिवसांत भरून निघतो. म्हणूनच त्या दिवशी पाणी भरपूर प्यावे असे आम्ही सांगतो. तांबड्या पेशींची गोष्ट वेगळी आहे. त्या हाडांच्या मज्जेत तयार होतात. मज्जा हा अखंड चालणारा कारखाना आहे; दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तेथून बाहेर पडतात आणि प्रत्येक पेशी साधारण १२० दिवस जगते. रक्त दिल्यावर मूत्रपिंडाकडून निरोप जातो, कारखान्याचा वेग वाढतो आणि गेलेल्या पेशी सहा ते आठ आठवड्यांत बहुतांशी भरून येतात.

पण कारखान्याला कच्चा माल लागतो. तो कच्चा माल म्हणजे लोह. लोह मात्र सहा आठवड्यांत परत येत नाही. माझ्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. तो मी पुस्तकातून शिकलो होतो. परंतु समजलो तो एका चुकीतून. ती चूक आधी सांगतो.

एक चूक

१९९९ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत काम करीत होतो. आपल्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी अठरावे वर्ष लागल्यापासून नियमित रक्त देत असे. पाच वर्षांत तिने सोळा वेळा रक्त दिले होते. आदल्या वर्षी १ ऑक्टोबरला, म्हणजे राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनी, आम्ही तिला शाल व श्रीफळ दिले होते. तो सत्कार मीच केला होता.

त्या दिवशी गुरुजी तिला घेऊन माझ्याकडे आले. ती त्यांच्याच गल्लीत राहत असे. जिना चढताना तिला धाप लागत होती, केस गळत होते आणि घरच्यांनी लक्षात आणून दिलेली आणखी एक गोष्ट म्हणजे ती येता-जाता कच्चे तांदूळ खात असे. आपल्याकडे हे बायकांचे खूळ समजतात. कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ यांची अशी ओढ हे पुष्कळदा शरीरातील लोह संपल्याचे लक्षण असते. तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ निघाले. लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी फेरिटिन नावाची तपासणी त्या वेळी आम्हांला इंदूरला पाठवावी लागे. फेरिटिन १५ च्या खाली गेले की कोठार रिकामे समजतात. तिचे ६ आले.

मी जुनी नोंदवही काढली. प्रत्येक वेळी ती तपासणीत ‘पास’ झाली होती. त्या काळी आम्ही मोरचुदाच्या निळ्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडीत असू. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, तरंगला तर खाली. तिचा थेंब दर वेळी बुडाला होता. शेवटच्या खेपेला तो क्षणभर मध्येच थबकून मग खाली गेला होता, हे मला चांगले आठवत होते. पण बुडाला तो बुडाला. मी पिशवी लावली. तिचा तो उत्साह, तीन महिन्यांचा हिशेब, वहीत वाढत जाणारी संख्या, हे सारे पाहून मला आनंदच होत असे.

गुरुजी सगळे ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘अरे, तिच्या खात्यातून तू काढत गेलास. शिल्लक किती होती ती कधी मोजलीस का?’

मला उत्तर देता आले नाही. नियम मोडला नव्हता, हे म्हणणे माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. औषधोपचाराने ती पूर्ण बरी झाली. परंतु त्याला आठ-नऊ महिने लागले.

लोहाचा जमाखर्च

गुरुजींनी विचारलेला तो हिशेब आता आपण करू. आकडे सोपे आहेत.

एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. हिमोग्लोबिन १४ असलेल्या पुरुषाने ३५० मिलिलिटर रक्त दिले तर त्यातून ४९ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजेच सुमारे १६५ मिलिग्रॅम लोह जाते. हिमोग्लोबिन १३ असलेल्या स्त्रीचे सुमारे १५५ मिलिग्रॅम जाते.

आता शिल्लक पाहू. निरोगी, खात्यापित्या पुरुषाच्या शरीरात राखीव लोह सुमारे १००० मिलिग्रॅम असते. स्त्रीच्या शरीरात ते साधारण ३०० मिलिग्रॅमच असते आणि आपल्याकडील अनेक स्त्रियांत त्याहूनही कमी. म्हणजे एका रक्तदानाने पुरुषाच्या कोठारातला सहावा हिस्सा जातो. स्त्रीच्या कोठारातला निम्मा जातो.

आणि रोजची आवक किती? आपल्या आहारातून शरीर दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम लोहच आत घेते. त्यातील सुमारे एक मिलिग्रॅम रोजच्या झिजेतच खर्च होते. स्त्रियांचा मासिक पाळीमुळे दिवसाकाठी सरासरी आणखी अर्धा मिलिग्रॅम खर्च होतो. दर ९० दिवसांनी रक्त देणाऱ्या पुरुषाला हा नित्याचा खर्च भागवून वर रोज १.८ मिलिग्रॅम लोह जादा मिळवावे लागते. तोच पुरुष वर्षातून दोनदा रक्त देईल तर त्याला रोज ०.९ मिलिग्रॅम पुरते. स्त्रीने १२० दिवसांनी दिले तर तिला रोज १.३ मिलिग्रॅम जादा लागते. वर्षातून एकदाच दिले तर जेमतेम ०.४.

कोठार रिकामे होऊ लागले की आतडी अधिक लोह शोषू लागतात, ही निसर्गाची कृपा. पण तिलाही मर्यादा आहे. आणि आपला आहार बहुतांशी शाकाहारी. धान्य, डाळी व पालेभाज्या यांतील लोहाचे शंभरातले पाच ते आठ भागच अंगी लागतात.

येथे एक धोक्याची गोष्ट सांगितली पाहिजे. शरीर आधी कोठारातले लोह वापरते आणि हिमोग्लोबिन सांभाळून ठेवते. कोठार तळाला गेल्यावर मगच हिमोग्लोबिन उतरू लागते. म्हणून बोटाला टोचून केलेली तपासणी समाधानकारक आली तरी आतली शिल्लक संपत आलेली असू शकते. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे. फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. खिसा भरलेला पाहून माणसाला श्रीमंत समजू नये.

आणखी एक विसंगती. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे पुरुषाचे हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षयच. आपली रक्तदानाची अट दोघांनाही १२.५ आहे. अर्थात १२.६ असलेला पुरुष नियमाने रक्त देऊ शकतो, पण व्याख्येने तो स्वतःच रुग्ण असतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी २५ टक्के रक्तक्षयी आढळल्या. अशा देशात दात्याची शिल्लक पाहणे अधिकच अगत्याचे ठरते.

इतरांनी केलेली मोजणी

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. २०१५ साली अमेरिकेत २१५ रक्तदात्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. रक्तदानानंतर निम्म्यांना रोज ३७.५ मिलिग्रॅम लोहाची गोळी दिली, निम्म्यांना दिली नाही. ज्यांचा साठा मुळातच कमी होता आणि गोळीही मिळाली नाही, त्यांना गेलेल्या हिमोग्लोबिनचा ऐंशी टक्के भाग भरून काढण्यास सरासरी १५८ दिवस लागले. गोळी घेणाऱ्यांना ३२ दिवस पुरले. आणि गोळी न घेणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश लोकांचा लोहसाठा १६८ दिवसांनंतरही पूर्ववत झाला नव्हता. त्या देशातील ५६ दिवसांचा नियम या आकड्यापुढे ठेवून पाहावा.

दुसरी पाहणी इंग्लंडमधील. २५ केंद्रांवरील सुमारे ४५,००० दाते तीत होते. पुरुषांना १२, १० किंवा ८ आठवड्यांनी आणि स्त्रियांना १६, १४ किंवा १२ आठवड्यांनी बोलाविले आणि हे दोन वर्षे चालविले. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले. अंतर कमी केल्यावर रक्त अधिक जमले आणि दात्यांच्या एकूण जीवनमानावर मोठा परिणाम दिसला नाही. परंतु थकवा, धाप, चक्कर यांच्या तक्रारी वाढल्या, हिमोग्लोबिन व लोहसाठा खाली गेला आणि तपासणीत नापास होऊन परत जाणाऱ्यांची संख्या वाढली.

या दोन्ही पाहण्यांतून मी एवढेच घेतो, की रक्तदान सुरक्षित आहे. घाई मात्र फुकट नाही. तिची किंमत दाता निमूटपणे मोजतो.

अंतराचा नियम धाब्यावर बसविला तर काय होते, हे माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. पूर्वी रुग्णालयांच्या फाटकांबाहेर पैसे घेऊन रक्त देणारे बसत. पंधरवड्याला, आठवड्याला, निरनिराळी नावे सांगून ते रक्त विकीत. त्यांचे चेहरे कागदासारखे पांढरे असत. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे देशभर बंद झाले. आज आपण जो स्वेच्छेचा दाता मानतो, त्याच्यावरची जबाबदारी त्या दिवसापासून वाढली. आणि त्याची काळजी घेण्याची आमची जबाबदारीही.

मग किती वेळा द्यावे?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कायद्याची मुभा पुरुषांना वर्षातून चार वेळा आणि स्त्रियांना तीन वेळा आहे. ती ओलांडण्याचा प्रश्नच नाही. पण माझा सल्ला मुभेहून थोडा अलीकडचा आहे, आणि तो मी अनुभवाने देत आहे.

निरोगी, चांगला आहार असलेल्या पुरुषाने वर्षातून दोनदा, फार तर तीनदा रक्त द्यावे. पाळी सुरू असलेल्या स्त्रीने वर्षातून एकदा द्यावे. फेरिटिन तपासून ते उत्तम असेल तर दोनदा. बाळंतपणानंतर वर्षभर देऊ नये. अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींचे शरीर अजून घडत असते. त्यांनी एक-दोनदाच द्यावे आणि महाविद्यालयांनी त्यांच्यात संख्येची चढाओढ लावू नये. जे नियमित देतात त्यांनी वर्षातून एकदा फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. लोहाच्या गोळ्या उपयोगी आहेत, पण त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात; काही आजारांत लोह साठत जाते आणि गोळी अपाय करते.

ज्यांना केवळ बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, यंत्राद्वारे द्यावयाच्या आहेत त्यांचे गणित वेगळे आहे. तेथे तांबड्या पेशी दात्याला परत मिळतात, लोह फारसे जात नाही. म्हणून ४८ तासांच्या अंतराने, आठवड्यातून दोनदापर्यंत व वर्षातून २४ वेळांपर्यंत मुभा आहे.

आहाराविषयी दोन शब्द. बिटाचा रंग तांबडा म्हणून त्याने रक्त वाढते, ही समजूत सोडून द्यावी. रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही. आपल्या माळव्यात सकाळी पोह्यांवर लिंबू पिळतात, हे उत्तम आहे, कारण आंबटातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. पण पोह्यांबरोबरच चहाचा पेला येतो आणि लिंबाने कमावलेले चहा घालवतो. चहा तासाभराने घ्यावा. डाळी, उसळी, हिरव्या भाज्या, आवळा आणि चालत असेल त्याला मांसाहार, हे साधे उपाय आहेत.

गावाचे गणित

आपणांपैकी कोणी म्हणेल, ‘डॉक्टर, तुम्ही दात्याला थांबवीत आहात, रुग्णाचे काय?’ प्रश्न रास्त आहे. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. झाबुआ-अलिराजपूरकडील आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. बाळंतपणातील रक्तस्राव आणि रस्त्यावरचे अपघात तर वेळ सांगून येत नाहीत.

म्हणून हेही मोजू. लोकसंख्येच्या एक टक्का इतक्या पिशव्या वर्षाला जमल्या तर सर्वसाधारण गरज भागते, असा ठोकताळा आहे. २०११ च्या जनगणनेत उज्जैन जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ८७ हजार होती. म्हणजे सुमारे वीस हजार पिशव्या. प्रत्येकाने वर्षातून दोनदाच दिले तरी दहा हजार दाते पुरतात. दोनशे माणसांत एक. थोड्या लोकांना वारंवार पिळण्याची आवश्यकता नाही. अधिक लोकांनी संथपणे देण्याची आहे.

आणि रक्त नुसते जमून भागत नाही, ते योग्य दिवशी हाताशी असावे लागते. तांबड्या पेशी साध्या पिशवीत ३५ दिवस आणि विशेष द्रावण घातल्यास ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट पाच दिवस. एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमल्या तर महिन्याने काही टाकून द्याव्या लागतात आणि त्याच वेळी ते सारे दाते तीन महिन्यांसाठी बाद झालेले असतात. ऐन मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना, कपाटे रिकामी पडतात.

दुर्मिळ गटाच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेने जाणवते. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ हा रक्तगट शोधून काढला. त्या गटाच्या माणसाला केवळ त्याच गटाचे रक्त चालते आणि आपल्या देशात असा माणूस साधारण दहा हजारांत एक सापडतो. मे २०२४ मध्ये इंदूरच्या एका रुग्ण स्त्रीसाठी महाराष्ट्रातून एक दाता सुमारे चारशे किलोमीटर मोटारीने आला आणि त्याने रक्त दिले. त्याने आठवड्यापूर्वी एखाद्या शिबिरात संख्येसाठी रक्त दिले असते, तर त्या दिवशी त्याला येऊन उपयोग नव्हता. अंतर पाळणारा दाताच गरजेच्या दिवशी दाता असतो.

गुरुजींची वही

शेवटी गुरुजींकडे येतो. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, एका सहकाऱ्याची पत्नी बाळंतपणात अत्यवस्थ झाली तेव्हा, त्यांनी प्रथम रक्त दिले. पुढे मी रक्तपेढीत रुजू झाल्यावर त्यांनी मला एकदा विचारले, ‘तुमच्याकडे रक्त केव्हा कमी पडते?’ मी म्हणालो, ‘मे महिन्यात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर.’ तेव्हापासून ते त्याच दोन वेळी येत. कोणी म्हणे, ‘गुरुजी, तुम्ही वर्षातून दोनदाच देता, अमके चारदा देतात.’ ते नुसते हसत.

त्यांच्या पश्चात त्यांची एक चाळीसपानी वही मला पाहावयास मिळाली. प्रत्येक रक्तदानाची तारीख, वजन, हिमोग्लोबिन आणि मागील रक्तदानापासूनचे दिवस, असे चार रकाने. ज्या वर्षी कावीळ झाली त्या वर्षीच्या दोन्ही ओळी रिकाम्या, आणि समोर कारण लिहिलेले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे साठाव्या वर्षी ते थांबले. सत्तावीस वर्षांत एकंदर बावन्न रक्तदाने. शेवटच्या ओळीतही हिमोग्लोबिन १४ च्या वर. मोठा गाजावाजा झालेले कितीतरी दाते चार-पाच वर्षांत थकून नाहीसे झालेले मी पाहिले. ही वही सत्तावीस वर्षे चालली.

गुरुजींच्या पुण्यतिथीला आपण दरवर्षी एक रक्तदान शिबिर घेतो. त्यात एक बदल सुचवितो. शिबिर बंद करू नका. पण त्या दिवशी पिशव्यांऐवजी नावे अधिक गोळा करा. १९२१ साली लंडनमध्ये पर्सी ऑलिव्हर नावाच्या गृहस्थाने आपल्या घरीच रक्तदात्यांची यादी ठेवली होती. रुग्णालयाचा निरोप आला की यादीतील माणूस जाई. आपण तशी बारा महिन्यांची यादी करू. १२० माजी विद्यार्थ्यांनी वर्षातले आपापले दोन महिने लिहून दिले, तर वर्षाला २४० पिशव्या होतात, म्हणजे दरमहा वीस. भगिनींनी एकच महिना लिहिला तरी तो बहुमोल आहे. त्या जागी आणखी काही बंधूंची भर घालू. २०२८ साली सिंहस्थ येत आहे. ऐन उन्हाळ्यात लक्षावधी यात्रेकरू या क्षिप्राकाठी उतरतील. तोवर ही यादी तयार असावी, अशी माझी इच्छा आहे. आणि प्रत्येक दात्याच्या हाती एक छोटी वही असावी, गुरुजींच्या वहीसारखी चार रकान्यांची. निरनिराळ्या रक्तपेढ्यांतील नोंदी एकमेकांना ठाऊक असतातच असे नाही. आपला हिशेब आपणच ठेवावा.

ती विद्यार्थिनी आज आपल्यात बसलेली आहे. तिचे नाव मी घेणार नाही. ती पुढे रक्त देऊ लागली ती वर्षातून एकदाच, आणि दर वेळी येताना फेरिटिनचा कागद बरोबर आणून माझ्या टेबलावर ठेवीत असे. मी तो वाचल्यावाचून पिशवीला हात लावला नाही.

 यादीचा पहिला कागद मी बाहेर टेबलावर ठेवला आहे. वयाने मी आता रक्त देऊ शकत नाही. म्हणून त्यावर माझे नाव दाता म्हणून नाही, हिशेबनीस म्हणून आहे.